दर्यानं खाल्लेलं कपाट

"माझं कपाट कुणी रंगवलं?"

एवढंच मी ओरडले आणि हातातली पिशवी पडवीत टाकून दिली. पिशवीत बेळगावहून आणलेले मेणाचे दोन डबे होते. त्यातला एक गडगडत थेट खळ्यात गेला, पण तो उचलायचंही मला भान नव्हतं. पडवीच्या टोकाला, सोमवारी सकाळी मी सोडलं होतं त्याच जागी, माझं कपाट उभं होतं. फक्त ते आता निळं होतं. असंतसं निळं नव्हे, तर गडद, चकचकीत, वाकून बघितलं तर तोंड दिसेल असं निळं. खालच्या अंगाला पांढरा पट्टा, आणि निळ्या-पांढऱ्याच्या सांध्यावरून गेलेली एक लालभडक रेघ.

स्वयंपाकघरातून जयवंतीवहिनी पदराला हात पुशीत बाहेर आल्या. मी त्या घरी कामाला उतरले तेव्हापासून माझं जेवणखाण त्याच बघत होत्या. त्यांचा चेहरा कौतुकानं फुलला होता.

"बगलास? कसा झाला? आमच्या आबांनी केल्यानी. दोन दिवस जेवाक सुदा उठूक नाय."

"पण त्यांना सांगितलं कुणी?"

"सांगूक कित्याक व्हया? तुमी अर्धा टाकून बेळगावाक गेलात. रंग खरवडलेलो, खंय लाकूड दिसता, खंय पांढरा दिसता. आबा म्हटल्यानी, चेडवाचो रंग संपलो आसतलो. येकटी बिचारी. आपण पुरा करून ठेवया."

मी मटकन पायरीवर बसले. बारा दिवस खपून मी ते कपाट 'खराब' केलं होतं, आणि एका भल्या माणसानं ते दोन दिवसांत नीट करून टाकलं होतं.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, कऱ्हाडची होते आणि अंगात रग होती. पुण्यात शिर्के म्हणून एकांच्या कारखान्यात चार वर्षं मी फर्निचर रंगवलं. त्यातही माझा हात बसला होता तो बीच फिनिशवर. बीच फिनिश म्हणजे काय, तर कालपरवा सुतारानं ठोकलेली वस्तू समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वीस-तीस वर्षं काढल्यासारखी दाखवायची. तारेच्या ब्रशनं लाकडाच्या रेषा उठवायच्या, गडद हात द्यायचा, त्यावर जागोजागी मेण घासायचं, मग फिक्या निळ्या-पांढऱ्याचे हात द्यायचे. मेण असेल तिथला रंग पॉलिश पेपरनं सहज सुटतो आणि खालचं लाकूड डोकावतं. मधूनमधून खडूच्या पुडीची लांबी, म्हणजे लुकण, थापून खरखरीतपणा आणायचा. लोक त्यावर हात फिरवून खूश होतात.

शिर्क्यांकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला मागं एक पितळी पट्टी ठोकलेली असे, तिच्यावर त्यांचं नाव. एकदा मी विचारलं, "खाली बारीक अक्षरांत माझं नाव टाकू का?" तर ते हसून म्हणाले, "शैला, नाव टाकायला आधी नाव असावं लागतं." पुढच्याच आठवड्यात मी काम सोडलं. आई म्हणाली, डोकं फिरलंय. फिरलंच होतं.

मग विद्याताई नाबरांची चिठ्ठी आली. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाई वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, माडांच्या बागेत, पाव्हण्यांसाठी चार खोल्या बांधत होत्या. माझ्या हातचं एक टेबल त्यांनी कुणाच्या तरी घरी पाहिलं होतं. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, मला माझं नाव टाकू द्याल तर येते. त्या म्हणाल्या, "टाक की. मोठ्या अक्षरांत टाक. पण आधी मला पटलं पाहिजे. चार खुर्च्या आणि ते मोठं कपाट कर. शुक्रवारी मी येते. पटलं तर सगळं घर तुझं, नाहीतर रामराम."

आणि आज बुधवार होता.

बाबलआबा स्वतःच आले. माडांमधून सावकाश चालत, अंगात गंजिफ्रॉक, कमरेला पंचा, हातात फडक्यात गुंडाळलेला ब्रश. सत्तरीचा बारीक, काळा, ताठ माणूस. जयवंतीवहिनींचे सासरे. मी त्यांना याआधी दोनदाच लांबून पाहिलं होतं, दोन्ही वेळा ते किनाऱ्यावर नुसते बसून होते. पायरीशी येऊन ते उभे राहिले. त्यांना शाबासकी हवी होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बरा झाला मां गो? डबो तीन सालां बंद होतो. वरती साय धरलेली. ती काडलंय, ढवळलंय, तर खाली रंग तसोच ताजो."

"तुम्ही हे काय केलंत, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"रंगयलंय."

"अहो, मी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं! उडालेलं, खरवडलेलं. ते तसंच दिसायला हवं होतं!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कपाटाकडं, मग सुनेकडं.

"मुद्दाम?"

"हो."

"नव्या लाकडाक?"

"हो! त्यासाठीच तर मला इथं बोलावलंय."

मी तणतणत आत गेले आणि नमुन्याची फळी आणून त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती उजेडाला धरली, तिरकी केली, अंगठ्यानं घासली, वाससुद्धा घेतला. मग माझ्या खालच्या पायरीवर बसले.

"चुकलंय," ते म्हणाले. "माका इचारूक व्हया होता. पण आमच्यात अर्धी रंगयलेली होडी कोण तशीच ठेवनत नाय. शेजारी आजारी पडलो, खंय गावाक गेलो, तर दुसरो येवन पुरी करता. इचारूचा नसता."

भांडायला उभं राहावं आणि समोरच्यानं हातातली काठीच खाली ठेवावी, तसं माझं झालं. माझा राग जागच्या जागी बसला, आणि राग बसल्यावर, आधी नीट न पाहिलेली ती रेघ मला दिसली.

मी उठून कपाटाजवळ गेले. रेघ करंगळीएवढ्या जाडीची होती. डाव्या बाजूच्या फळीवरून ती निघाली होती, कोपरा वळून दोन्ही दारांवरून, मधल्या खाचेवरून, बिजागऱ्यांजवळून जाऊन उजव्या फळीवर संपली होती. दार उघडलं तर ती तुटत होती, लावलं की जशीच्या तशी जुळत होती. कुठं ओघळ नाही, कुठं जाडबारीक नाही. चार वर्षं मी मास्किंग टेप लावून रेघा मारत आले होते, आणि टेप काढल्यावर दर वेळी कुठं ना कुठं रंग फुटलेला सापडायचाच.

"टेप कुठली लावलीत?"

"कसली टेप?"

"चिकटपट्टी. रेघ सरळ यायला."

ते पहिल्यांदाच हसले. "होडयेक खंय चिकटपट्टी लावतलंस? दम धरूचो. येका दमात जितकी जाता तितकी जावंदी. मगे थांबाचा, दम घेवचो, आनि थंयसूनच पुडे."

"मग जोड दिसायला हवा."

"शोद."

मी शोधला. उकिडवी बसून, डोळा लाकडाला लावून, बोटाचं टोक फिरवून शोधला. वहिनी मागं उभ्या राहून बघत होत्या. मला एकही जोड सापडला नाही.

संध्याकाळी जेवताना वहिनींनी आबांची सगळी कुळकथा, वाडवडलांच्या नावांसकट, सांगितली ती ऐकून माझा घास हातातच राहिला. पंचेचाळीस वर्षं वाडीतली प्रत्येक होडी आबांच्या हातची. नारळी पुनवेच्या आधी पंधरा दिवस त्यांना बोलायला फुरसत नसायची. आता सगळ्या होड्या फायबरच्या झाल्या, रंग कारखान्यातूनच येतो. तीन वर्षांत त्यांच्या हातून एक होडी गेली नव्हती. "हात काय गप रवनत नाय," वहिनी म्हणाल्या. "तुळशीक तीन येळा रंग झालो. गेल्या साली माजी सुपां रंगयल्यानी. तांदूळ पाखडूचे कसे, सांगा!" त्या हसत होत्या, पण मला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी मी पॉलिश पेपर घेऊन कपाटासमोर उभी राहिले. हिशेब सोपा होता. आज दिवसभर घासायचं, निळ्याचाच खालचा हात म्हणून उपयोग करायचा, वर मेण, मग फिका रंग, पुन्हा घासणं. जेमतेम जमलं असतं. पण पेपर त्या रेघेपाशी नेला की हात थांबे. मी दोनदा वरून सुरुवात केली, एकदा बाजूनं. शेवटी स्वतःलाच शिव्या घालत चहा प्यायला गेले. परत आले तर आबा आले होते. सोबत एक गोणपाट, त्यात कालवाच्या शिंपा, नारळाची सोडणं, ओली वाळू आणि जाड दोराचा तुकडा. ते मात्र कपाटाकडं बघत नव्हते. आधीच झालेल्या माझ्या चार खुर्च्यांभोवती ते फिरत होते.

"ह्येंका काय झाला गो? खरूज?"

आता मात्र मला झोंबलं. "समुद्राच्या वाऱ्यानं झिजलेल्या दाखवल्यात."

"वारो खंयसून येता?"

"म्हणजे?"

"ह्या खुर्चेक वारो खंयसून लागता? पुडसून, मागसून, खालसून, सगळीकडसून सारखोच? असो वारो मी सत्तर वर्सांत बगूक नाय."

त्यांनी एक खुर्ची पाठीच्या वरच्या पट्टीला धरून ओढली, तिच्यावर बसले, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले, टाच खालच्या आडव्या दांडीला लावली आणि तसेच उठले.

"हंय, हंय, हंय आनि हंय," त्यांनी चार जागा दाखवल्या. "मानूस बसता थंय झिजता. ह्या मागच्या पायाक कोण हात लावता? कोण नाय. मगे थंयलो रंग कोणी खाल्लो?"

चार वर्षांत शेकडो वस्तू माझ्या हातून गेल्या होत्या आणि एकाही गिऱ्हाइकानं हा प्रश्न विचारला नव्हता. मी तर स्वतःलाही विचारला नव्हता. जिथं बरं दिसेल तिथं मी रंग उडवत आले होते.

"आबा," मी म्हटलं. हाक कधी तोंडात आली ते मला कळलंही नाही. "हे कपाट खराब कसं करायचं ते दाखवता?"

"खराब नाय. वापरलेला. ह्या खंय ठेवतले?"

पाव्हण्यांच्या मोठ्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशेजारी. आम्ही तिघांनी मिळून ते तिथं नेलं, भिंतीपासून हातभर पुढं ओढून ठेवलं. आबांनी खिडकी सताड उघडली, बाहेर गेले, आणि मला काही समजायच्या आत तांब्याभर पाणी खिडकीतून कपाटावर फेकलं. मी किंचाळले. "गप," ते बाहेरूनच म्हणाले, "पाणी बग." पाणी डाव्या दारावर आपटलं होतं, खालच्या पट्ट्यावरून वाहत कोपऱ्यात जमलं होतं. उजव्या दारावर दोन शिंतोडे. वरच्या कंगोऱ्याखाली टिपूसही नाही. आणखी दोन तांबे त्यांनी तसेच फेकले आणि मग आत येऊन कोळशाच्या तुकड्यानं पाण्याच्या खुणा केल्या.

"आता चुलीतली राख हाड," त्यांनी सुनेला सांगितलं.

राख आली. त्यांनी वहिनींना तळहाताला राख फासायला लावली आणि म्हणाले, आता कपाट उघड, कपडे ठेव, लाव, जशी रोज करतंस तशी. वहिनी लाजत लाजत उघडू लागल्या. मग मी, मग स्वतः आबा. तिघांची उंची वेगवेगळी, सवय वेगवेगळी. वहिनी मुठीशेजारी तळवा टेकत होत्या, मी दाराची वरची कड धरत होते, आबा गुडघ्यानं दार लोटत होते. दहा मिनिटांत त्या निळ्याभोर दारांवर राखेचे ठसे उठले, आणि कपाट कुठं झिजणार आहे ते कुणी नकाशा काढून दिल्यागत समोर आलं.

त्या दिवशी मी जे शिकले ते त्याआधीच्या चार वर्षांत शिकले नव्हते. माझी खडूची लांबी मी सगळीकडं थापत असे. आबांनी तिच्यात चिमूटभर वाळू घातली आणि फक्त कंगोऱ्याच्या खाली, जिथं पाणी पोचलं नव्हतं तिथं, बोटानं ठिपक्याठिपक्यांनी लावली. "पाऊस वरचा धुता. मीठ सावलेत रवता," एवढंच ते म्हणाले. खिडकीकडच्या अंगाला त्यांनी ओल्या सोडणानं रंग फिका केला, वरून खाली, पाऊस वाहतो तसा. पायांच्या तळाला, जिथं खोली पुसताना ओलं फडकं लागणार, तिथं दोर घासला. जिथं हात लागणार नाही, तिथं त्यांनीही हात लावला नाही. मी मागं मागं करत होते. बारा वाजले, दोन वाजले, जेवायचीही आठवण झाली नाही.

आणि मग ते शिंप घेऊन रेघेपाशी आले.

राखेचा सगळ्यात दाट ठसा तिथंच होता, मुठीच्या बरोबर खाली. मी त्यांचा हात धरला.

"नको आबा. रेघ राहू दे."

"कित्याक?"

"इतकी चांगली रेघ मी आजवर पाहिली नाही. ती मोडायची कशाला?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

"चेडवा, दर सालाक मी ह्याच करतंय. पावसाच्या आदी होडी वर काडूची, गेल्या सालाची रेग खरवडूची, आनि मगे नवी मारूची. रंग म्हंजे दर्याचो घास. तेका कायतरी खावक व्हया. रंग खाता तवसर तो लाकडाक तोंड लायत नाय."

"म्हणजे पंचेचाळीस वर्षांत मारलेल्या सगळ्या रेघा..."

"खाल्ल्यान," ते म्हणाले. अगदी सहज, नातवानं लाडू खाल्ला म्हणून सांगावं तसं. "सगळ्यो खाल्ल्यान. येक सुदा खंय उरूक नाय. पण मानसां सगळी परत इली मां?"

आणि त्यांनी शिंप टेकवली. मुठीखाली रेघ आधी फिकी झाली, मग पातळ झाली, मग खालचा निळा, मग त्याखालचा माझाच जुना फिका हात, मग फणसाचं पिवळं लाकूड. त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही. ज्या ठेक्यानं रेघ मारली असेल त्याच ठेक्यानं ते ती काढत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी दुसरी शिंप घेतली आणि दाराच्या वरच्या कडेला लागले.

शुक्रवारी सकाळी मेणाचा शेवटचा हात देऊन आम्ही मागं सरलो. निळा रंग कंगोऱ्याखाली अजून गडद होता आणि खिडकीकडं येता येता फिका होत गेला होता. लाल रेघ उजवीकडून धडधाकट यायची, दाराशी विरत विरत नाहीशी व्हायची आणि पलीकडं पुन्हा वर यायची. तीन उंचींवर तीन माणसांचे हात लाकडात उतरले होते. या घरात एक कुटुंब राहून गेलंय, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. मी शिर्क्यांकडं केलेलं एकही काम त्या कपाटाच्या पासंगाला पुरलं नसतं, आणि हे कबूल करताना मला वाईटही वाटलं नाही. असं काम आपल्या डोळ्यांसमोर झालं याचाच आनंद मोठा होता.

"आता नाव," आबा म्हणाले.

"कसलं नाव?"

"नाव घातल्याबिगर होडी पाण्यात घालनत नाय." ते पांढऱ्या रंगाचं छोटं डबडं आणि टोक कापून निमुळता केलेला ब्रश घेऊनच आले होते. कपाटाच्या मागं जाऊन त्यांनी पाठीची फळी पंच्यानं पुसली. "जयवंतीन सांगितल्यान माका. तुका तुजा नाव व्हया होता मां? मगे घालूया. कागदार लिवन दी."

"कागदावर कशाला? मी सांगते, तुम्ही लिहा."

"सांगान काय उपेग? माका खंय लिवाक-वाचाक येता." यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. "शाळा बगूकच नाय. कोण तरी लिवन देता, मी बगान चित्र काडतंय. दोनशे होड्यांची नावां काडलंय. येकात चूक नाय."

मी वहीतलं पान फाडलं. पेन्सिल हातात घेतली. कपाटाच्या पाठीची ती कोरी फळी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव. याच्यासाठी मी नोकरी सोडली होती, आईशी भांडले होते. मी पान गुडघ्यावर धरून ठळक, सुटंसुटं लिहिलं आणि त्यांच्या समोर भिंतीला टेकवून ठेवलं.

त्यांनी ते थोडा वेळ निरखलं. मग दम धरला आणि ब्रश टेकवला. शिरोरेघ आधी, एका दमात, टोकापासून टोकापर्यंत. मग तिच्याखाली एकेक अक्षर. मी बघत राहिले. छापल्यासारखी अक्षरं नव्हती ती, त्यांना अंग होतं, वळण होतं, जरा पुढं झुकून पाण्यात उतरायच्या तयारीत असल्यासारखी वाटत होती.

"शैला म्हणतत तुका," मध्येच दम घेताना ते म्हणाले. "आनि लिवताना इतक्या लांब?"

"बापाचं नाव आणि आडनाव धरून."

"ता बरा केलंस. बापाशीचा नाव व्हयाच."

अकरा वाजता विद्याताईंची गाडी आली. त्या कुणाशी न बोलता थेट खोलीत गेल्या. मी दारात उभी राहिले, आबा खिडकीशी ब्रश पुशीत बसले. विद्याताई कपाटापासून लांब थांबल्या, मग जवळ आल्या. दार उघडायला त्यांनी हात पुढं केला आणि तो आपसूक बरोबर झिजलेल्या जागी जाऊन बसला. त्यांनी हात काढून घेतला, त्या जागेकडं बघितलं, पुन्हा ठेवला.

"शैला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं टेबल मी पाहिलंय. ते चांगलं होतं. पण हे वेगळंच आहे काहीतरी. हे तू कुठं शिकलीस?"

"मागं बघा."

त्या कपाटाच्या मागं गेल्या. पर्समधून चष्मा काढल्याचा आवाज आला. मग त्यांनी शाळेत हजेरी घ्यावी तसं खणखणीत वाचलं,

"बाबल सोमा गिरप."

खिडकीशी आबा झटकन उभे राहिले. "माका बोलयलास?"

"नाही हो. वाचतेय मी. इथं लिहिलंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"चेडवा, ता तुजा नाव मां?"

"नाही आबा."

"मगे?"

"कपाट ज्यानं केलं त्याचं."

विद्याताई मागून बाहेर आल्या. त्यांनी चष्म्यावरून आधी मला न्याहाळलं, मग आबांना. "आणि तुझं काय? नावासाठी तर तू आली होतीस."

"खुर्च्या माझ्या आहेत," मी म्हटलं. "बाहेर ठेवल्यात. बघू नका, त्यांना खरूज झालीय. आबा शिकवणार असतील तर मी त्या पुन्हा करते, सगळं घर करते. मग तुम्हाला पटलं तर बघू."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर रामराम."

विद्याताई आबांकडं वळल्या. पण आबांचं आमच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. ते कपाटाच्या मागं गेले होते. आम्ही दोघी वळून बघतो तो फळीपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन ते नाव निरखत होते. स्वतः तासाभरापूर्वी काढलेलं, तरी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे.

"ह्यातला बाबल खंयचा?" त्यांनी विचारलं.

मी जवळ गेले आणि पहिली तीन अक्षरं दाखवली. त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, रंग ओला आहे याची फिकीर न करता, आणि पहिल्या अक्षरापाशी थांबले.

"आनि ह्या?"

"ब. तुमच्या नावाचं पहिलं अक्षर."

त्यांच्या बोटाला पांढरा रंग लागला होता. त्यांनी तो पुसला नाही.

"ह्या अक्षर मी पन्नास होड्यांर काडलंय," ते म्हणाले. "माजा असा म्हणान कोणीच सांगूक नाय."